अभ्यासिकेतल्या चकाकीचा शास्त्रशुद्ध बंदोबस्त

सार्वजनिक उजेड हा त्यात बसणाऱ्याच्या सोयीसाठी नसून देणाऱ्याच्या समाधानासाठी असतो, हे तत्त्व एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सरळ आहे. सोलापुरातल्या एका मंडळाच्या अभ्यासिकेनं ते मनापासून मान्य केलं होतं. माढ्याहून शिकायला आलेल्या अपेक्षाला मात्र ते पटायला जरा वेळ लागला. पोरीची तलाठी भरतीची परीक्षा महिन्यावर आली होती, त्यामुळं वेळ हीच तिच्याकडं कमी असलेली गोष्ट होती.

मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव यांनी वडिलांच्या, म्हणजे कै. कोंडीबांच्या स्मरणार्थ अभ्यासिकेला एलईडी पॅनल दिले. प्रत्येक पॅनलवर दुधी झाकण होतं. उद्घाटनाच्या सकाळी सयाजीरावांनी वर पाहिलं आणि त्यांना वडिलांचा उजेड कमी वाटला.

"उजेडाला कुणी पांघरूण घालतं व्हय? काढा ती!"

झाकणं निघाली. ती चौकोनी आणि काठ उचललेली असल्यामुळं पाहुण्यांना त्यांतूनच चिवडा देण्यात आला. (झाकणांचा इतका लोकाभिमुख उपयोग बनवणाऱ्यांनाही सुचला नसावा.)

त्या दिवसापासून अभ्यासिका पार चौकापर्यंत लखलखू लागली. आत बसणाऱ्यांना किरकोळ त्रास होता, एवढंच. मान वर केली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे आणि खाली घातली की गुळगुळीत पानावर अक्षरांच्या जागी पॅनलचा पांढरा चौकोन दिसायचा. दुपारपर्यंत अपेक्षाचं डोकं ठणकायला लागायचं. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचूनही तहसीलदाराचं काम कुठलं आणि तलाठ्याचं कुठलं, हे डोक्यात शिरत नव्हतं. यंदाही नापास झाले तर घरचे लग्नाचं बघणार, या विचारानं तिला रडू यायचं. पण डोळ्यांतून पाणी आधीपासूनच वाहत असल्यामुळं ते कुणाच्या लक्षात येत नसे.

शेवटी ती सयाजीरावांकडं गेली. "काका, लाइट डोळ्यात घुसतोय. ती दुधी झाकणं परत लावा की."

मंडळ तक्रारीला कधी नाही म्हणत नाही, उपसमिती नेमतं. चकाकी मापन उपसमिती स्थापन झाली (अध्यक्ष: सयाजीराव) आणि पॅनल बसवणारे इंजिनिअर बसवराज मीटर घेऊन आले. मीटर टेबलावर ठेवलं. उजेड नियमाच्या दुप्पट भरला. उपसमितीनं टाळ्या वाजवल्या.

"मालक, हे उजेडाचं माप झालं," बसवराज चाचरत म्हणाले. "चकाकीचं गणित येगळं हाय. दिवा किती तेज, त्याच्या मागचं छत किती अंधारं आणि बघणाऱ्याचा डोळा कुटं, ह्यावर आकडा निघतो. अभ्यासाच्या खोलीत तो एकोणीसच्या वर जाऊ द्यायचा न्हाय. बघणारा बसतो तितनंच मोजाय लागतं."

बघणारा म्हणजे नेमका कोण, यावर प्रदीर्घ चर्चा झाली. विद्यार्थी येतात नि जातात, त्यांचे डोळे प्रमाण कसे मानायचे? कायमचे, जबाबदार आणि बिनविरोध निवडून आलेले डोळे मंडळात एकाच माणसाकडं होते. सयाजीराव अपेक्षाच्या खुर्चीत बसले. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा डोळ्यांवर होता.

"लई गार वाटतंय की," ते म्हणाले.

चकाकी शून्य नोंदवली गेली. बसवराजांनी मीटर पिशवीत घातलं, त्यांना मंडळाच्या मंगल कार्यालयाचंही काम हवं होतं.

अपेक्षाचा आवाज चढला. "काका, तुमी काळा चष्मा घातलाय!"

एखाद्या तक्रारदारानं स्वतःच मंडळाला पटणारा उपाय सुचवावा, असं मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. दोष दिव्यात नसून चष्म्याच्या अभावात आहे, असा ठराव झाला. सर्व वाचकांना समारंभपूर्वक काळे चष्मे वाटले आणि आत ते सक्तीचे झाले. चकाकी गेली. पुस्तकही गेलं. अंधार वाटतो अशी तक्रार येताच सयाजीरावांनी आईच्या, म्हणजे कै. बजाबाईंच्या स्मरणार्थ आणखी तेवढेच पॅनल दिले. (या वेळी झाकणांतून शेंगा चटणी आणि कडक भाकरी.) नवीन उजेड चष्म्यातूनही टोचू लागला, तेव्हा अधिक काळे चष्मे मागवण्यात आले. प्रगती म्हणतात ती हीच.

अपेक्षा जिन्यातल्या साध्या बल्बखाली जाऊन बसली. तिथं तिला अक्षरं दिसली, तहसीलदार आणि तलाठी वेगळे झाले. पण आत इतका उजेड असताना बाहेर बसणं हा दात्याचा अपमान ठरतो, म्हणून तिचा प्रवेश रद्द झाला. परीक्षा चार दिवसांवर असताना तिनं पुस्तकं पिशवीत भरली आणि माढ्याची एसटी धरली. अभ्यासिकेत आता एकही तक्रार नाही.

मंडळानं झगमगत्या हॉलचा फोटो फेसबुकवर टाकला आहे. त्याखाली अपेक्षानं लिहिलंय, "हितं बसून कुणीतरी एक पान वाचून दाखवा." तिच्या वर आणि खाली अभिनंदनाची रांग आहे. तो फोटो तुम्हीही पाहिला होता. जरा जास्तच तेज वाटला, म्हणून तुम्ही मोबाईलचा ब्राइटनेस कमी केला, अंगठा दाबला आणि पुढं सरकलात.