वहिनींचा उपास आणि लंडनचं विमान

मुंबईहून लंडन किती लांब, हे अख्ख्या चिखलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. शाळेतून जगाचा नकाशा मागून आणला, मुंबईवर एक टाचणी टोचली, लंडनवर दुसरी आणि मधे दोरा ताणला. साडेचार हजार मैल! विमान तासाला पाचशे मैल कापतं, म्हणजे नऊ तास. आमच्या माणसाला नुसतं मुंबई गाठायला याहून जास्त वेळ लागायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. हा खटाटोप माझ्या थोरल्या वहिनींसाठी, सोजराबाईंसाठी होता. दादा गेल्यावर त्यांनी मुलाला, इंद्रभानला, एकटीनं वाढवलं, आणि आता तो इंजिनियरिंग शिकायला लंडनला निघाला होता.

"भाऊजी, लेकरू आभाळात राहीन तवर मी पाणीबी पेणार नाही," वहिनींनी जाहीर केलं. "किती वेळ लागते, नीट सांगा."

"सकाळी सहाला उडणार, दुपारी तीनला जमिनीवर. तीन वाजता खुशाल जेवायला बसा."

त्या दिवशी वहिनी पहाटेपासून ओसरीवर आभाळाकडे बघत बसल्या. लंडनचं विमान चिखलीवरून जात नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही. मी आत जाऊन गुपचूप पोहे खाल्ले.

तीन वाजले. मी स्वतः ताट वाढलं. वहिनींनी पहिला घास उचलला, तोच समोरचा कापडदुकानवाला मेहबूब दारात आला.

"रामभाऊ, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं राह्यते म्हणतात. धरलं का हिशोबात?"

नव्हतं धरलं. वहिनींनी घास ताटात परत ठेवला.

मी साडेपाच तास मिळवले, मेहबूबनं वजा केले. माझ्या हिशोबानं इंद्रभान रात्री साडेआठला उतरत होता, मेहबूबच्या हिशोबानं सकाळीच उतरून मोकळा झाला होता.

"साडेतीन तासांत लंडन? विमान आहे का बंदुकीची गोळी?"

"त्याईचं घड्याळच तसं हाय, त्याले मी काय करू बे?"

"तुम्ही दोघं भांडून राह्यले," वहिनी हळूच म्हणाल्या, "अन् माझं लेकरू वर लटकून राह्यलं." त्यांचे ओठ सुकून गेले होते.

दिवेलागणीला अडत दुकानातून माणूस पळत आला. ट्रंक कॉल, इंद्रभानचा! आम्ही धावलो. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा फोन धरला होता, तोही उलटा. मी सरळ करून दिला.

"उतरला का रे बाप्पा? थंडी हाय का तिकडं लय?"

"बघा, थेट लंडनहून आवाज," मी जमलेल्या लोकांना सांगितलं.

वहिनी बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जेवला काय? हाव. बरं. झोप मंग." आणि फोन ठेवला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"विमान बिघडलं म्हणते. मुंबईलेच हाय अजून. दिवसभर बाकावर बसून माह्ये लाडू खाऊन राह्यला."

पदरानं डोळे पुसता पुसता त्या हसायलाच लागल्या. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. लेक आणखी एक रात्र जमिनीवर होता, तेवढ्यानंच त्यांची भूक परत आली असावी.

"उद्या सकाळी उडणार हाय," हात धुताना त्या म्हणाल्या. "भाऊजी, उद्याचा उपास तुम्ही धरा. हिशोब मी करते."

नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच मी इंद्रभानला लंडनात उतरवायला तयार झालो.

वहिनी आभाळाकडे बघत म्हणाल्या, "लय दूर हाय तो अजून."