टाकीला घातलेलं जेवण

अख्ख्या आर्वी तालुक्यात गोबर गॅस माझ्याइतका कोणालाच कळत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असे. शहाण्णव साली परसात टाकी बसली, त्या दिवशी गाव जमवून, नारळ फोडून मी बायकोची मातीची चूल सब्बलीनं फोडली. सुमित्राला तेवढं विचारायचं राहून गेलं.

दोन वर्षांनी 'आदर्श गोबर गॅस' निवडायला जिल्ह्याची समिती येणार असं कळलं. साहेब आमच्या गॅसवरचा चहा पिणार आणि मला प्रशस्तिपत्र देणार. भिंतीवर खिळा मी आधीच ठोकला.

चार दिवस उरले असताना शेजारी हिरालालकडे लग्न झालं. दोन ड्रम कढी, भात आणि टोपलीभर बुंदी उरली. ते सगळं मी टाकीत ओतायला घेतलं.

"काऊन ओतून राह्यले? तिच्या पोटाले सोसन का?" सुमित्रा म्हणाली.

"शेणावर इतका गॅस देते. बुंदीवर किती देईल, विचार कर!"

दुसऱ्याच दिवसापासून टाकीवरचा लोखंडी डोम गॅसनं वर वर येऊ लागला. समिती आली तेव्हा साहेबांना तो मान मागे टाकून पाहावा लागला. मी ऐटीत शेगडीची चावी फिरवली. फुस्स आवाज आला. काडी लावली, विझली. दुसरी विझली. पेटी संपली, तेव्हा हिरालालनं मोठ्या उत्साहानं नवी आणून दिली.

समितीतल्या काजल मॅडमनी टाकीपाशी जाऊन वास घेतला.

"हिला लग्नाचं जेवण घातलंत का?"

मी शेगडी पुसू लागलो.

"आत दोन जातींचे जंतू असतात. पहिले खातात आणि आंबवतात. दुसरे त्या आंबटाचा जळणारा गॅस करतात. पहिल्यांनी एवढं हादडलं, एवढं आंबवलं, की दुसऱ्यांचं कामच बंद पडलं. डोममध्ये आता न जळणारी हवा आहे."

म्हणजे थेट आमच्या गावच्या सोसायटीसारखं. हे मी मनातच म्हटलं, कारण सोसायटीचा संचालक मीच आहे.

तेवढ्यात सुमित्रा वाफाळता चहा घेऊन आली. घरामागे तीन विटा मांडून, माझ्या नकळत थापून ठेवलेल्या गोवऱ्यांवर तिनं तो केला होता. साहेब दोन कप प्यायले. प्रशस्तिपत्र बॅगेतच राहिलं.

"तीन आठवडे टाकीत काही घालू नका," मॅडम निघताना म्हणाल्या.

"आयकलं ना?" सुमित्रा म्हणाली. "तवरोक शेण माह्या चुलीले. अन् चूल तुमीच बांधजा."

चूल मी बांधली. फोडताना जमलेलं गाव तिनं पुन्हा बोलावलं आणि नारळही माझ्याच हातानं फोडवला. खिळा मात्र वाया गेला नाही. त्याला आता फुंकणी टांगलेली असते.