बाथरूमची कडी

टिकली बाथरूममध्ये अडकली त्याला तिची आईच कारणीभूत होती. शाळेने 'मुलगी असामान्य बुद्धीची आहे' असं पत्राने कळवल्यावर तिने ते फक्त शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. आणि काकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. आज काकू आपल्या बहिणीला घेऊन आल्या होत्या, टिकलीचे तोंडी गुणाकार ऐकवायला. पाहुण्या टेकतात न टेकतात तोच टिकली "शू" म्हणून उठली, ती आलीच नाही.

"टिकले, झालं का गं?"

"कडी निघत नाही."

आई धावत दाराशी गेली. टिकलीचे बाबा मात्र पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "हुशार आहे, काढेल ती."

"तिला नुसतं तत्त्व सांगा," काकू म्हणाल्या. "अशा मुलांना तेवढं पुरतं."

मग बाबा उठले आणि दाराला तोंड लावून घर्षण समजावू लागले. "साबण लाव बाळा."

"लावला."

"आता?"

"आता माझा हातच सटकतोय."

"मग पाणी ओत."

तिने बादलीच ओतली. दाराखालून फेसाचा लोट आला, काकूंच्या बहिणीचा पाय घसरला आणि त्या बाबांना घेऊनच खाली बसल्या. शेवटी आईने कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं.

त्याने पटाशी काढली. "चौकट फोडावी लागेल. लांब उभी राहा गं पोरी."

आतून आवाज आला, "काका, तुम्हाला सतराचा पाढा येतो?"

"छे. माझी गाडी बारालाच थांबली."

"मग मला काही विचारणार नाही ना?"

"विचारून काय करू? तुझं बरोबर की चूक, मला कसं कळणार?"

खट्कन कडी निघाली. टिकली बाहेर आली, हाताची बोटं पाण्याने सुरकुतलेली.

"बघितलंत?" काकू बहिणीला म्हणाल्या. "सुताराला चौकट फोडायची होती, पोरीनं हातानं काढली. शाळा उगाच नाही म्हणत."

बहिणीने मोबाइल काढून ओल्या पदराला पुसला आणि कॅल्क्युलेटर उघडला. "आता सांग बरं, सतरा गुणिले तेवीस?"

टिकलीने आईकडे पाहिलं. पूर्वी ही पोर 'पाल पडत का नाही', 'शिंकताना डोळे का मिटतात' विचारून डोकं उठवायची. शाळेचं ते पत्र आल्यापासून घरात एकही 'का' ऐकू आला नव्हता. आईला मात्र वाटलं होतं, पोर शहाणी झाली.

टिकली मागच्या मागे आत शिरली. पुन्हा खट्.

"आता खरंच अडकली की काय?" बाबा म्हणाले.

आई फेसातच दाराशी बसली. "टिकले, मलाही आत घे."

 आतून दबक्या आवाजात आलं, "का?"

"मला माहीत नाही गं," आई म्हणाली.

कडी हळूच सरकली.