इंजिनियरच्या गल्लीतला खड्डा

अप्पांची चाकांची खुर्ची फाटकातून बाहेर पडायची, बारा हात जायची आणि खड्ड्याच्या काठावर थांबायची. कडेची वाट इतकी उतरती होती, की गाड्या निघाल्या तरी खुर्ची कलंडायची. खड्ड्याच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी, सलून होतं. त्या सलूनच्या खिडकीत अप्पांचा सलूनवाल्याशी मांडलेला बुद्धिबळाचा डाव सात महिने अर्धवट पडून होता. तो डाव तसाच ठेवून जेवायला घरी येताना अप्पांचा पाय ह्याच खड्ड्यात गेला, खुबा मोडला आणि खुर्ची नशिबी आली. सलूनवाल्याने मात्र पटावरचं एक प्यादंही हलू दिलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे केस उडून पटावर पडले, तर तो फुंकर मारून ते उडवायचा.

"अप्पा, चौघं मिळून उचलून नेतो की तुम्हाला," शेजारी म्हणायचे.

"मला चौघं उचलतील ते एकदाच," अप्पा म्हणायचे. "तोवर मी माझ्या चाकांवर जाईन."

शेजाऱ्यांनी दोनदा खड्ड्यात विटांचे तुकडे टाकून पाहिले. दोन्ही वेळा ते पावसात वाहून गेले.

गंमत म्हणजे अप्पांचा मुलगा नगरपालिकेच्या रस्ते विभागातच इंजिनियर होता. इतका सरळ, की ऑफिसच्या पेनाने घरचा किराणासुद्धा लिहायचा नाही. कुठला रस्ता आधी करायचा यावरून दरवर्षी सभेत हमरीतुमरी व्हायची, म्हणून त्याने स्वतः बसून रस्त्यांसाठी गुणपत्रक तयार केलं होतं. रस्त्यावर शाळा असेल तर गुण, दवाखाना असेल तर गुण आणि सगळ्यात जास्त गुण रोजच्या वाहनांना. चाळीस गुण मिळाले की निधी मिळणार. त्याच्या स्वतःच्या गल्लीला अकरा मिळाले होते.

"अहो, स्वतःच्या वडिलांसाठी चार गुण वाढवता येत नाहीत?" बायकोने विचारलं.

"चार नाही, एकोणतीस लागतात. आणि गुण काय मी देतो? वाहनं देतात. बुधवारी पुन्हा मोजणी आहे, बघू."

बायको एकदम गप्प झाली. चौदा वर्षांच्या संसारानंतरही तिच्या गप्प बसण्याला घाबरावं, हे त्याला कळलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सात वाजता मोजणी कारकून प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसला. सव्वासातला इस्त्रीवाल्याची मोपेड गेली. पाठोपाठ दूधवाला, शिकवणीवाल्या बाई, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर असे सगळे खड्ड्याला वळसा घालून निघाले. मागच्या बोळातून फिरून परत तेच सगळे आले. दुपारपर्यंत गल्लीला जत्रेचं रूप आलं. एका निवृत्त बसड्रायव्हरने तर जेवायलाही न थांबता स्कूटरवरून नव्वद फेऱ्या मारल्या. इंजिनियरची बायको फाटकात उभी राहून हाताने इशारे करत होती आणि दर दोन तासांनी कारकुनाला चहा पाठवत होती. वळसे घालून घालून खड्ड्याचे काठ ढासळले आणि खड्डा दुप्पट झाला, पण तिकडे बघायला सवड कोणाला होती?

गुरुवारी मोठ्या साहेबांनी इंजिनियरला बोलावून घेतलं.

"अहो, छुपे रुस्तम! दोन हजार तीनशे सोळा वाहनं! आणि गल्लीसाठी एक शब्द बोलला नाहीत आजवर?"

"साहेब, काहीतरी चूक…"

"चूक कसली? तुमच्याच गुणपत्रकात लिहिलंय. दोन हजारांच्या वर वाहनं गेली की नुसती दुरुस्ती नाही, थेट रुंदीकरण. निधीही ह्याच वर्षी. दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट घ्यायचेत."

इंजिनियरच्या तोंडचं पाणी पळालं. दहा फुटांत त्याचा व्हरांडा जात होता आणि सलून तर खुर्ची, आरसा, बुद्धिबळ सगळ्यासकट जात होतं. संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा सलूनवाला हातात कात्री घेऊन दारात उभा होता.

"माझ्या भिंतीवर लाल फुली मारून गेले हो! आता डाव काय रस्त्याच्या मधोमध खेळायचा?"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, मला वाटलं जास्त वाहनं म्हणजे जास्त चांगला रस्ता."

"अगं, पण एवढी?"

"थांबा कधी म्हणायचं, ते कोणालाच सांगितलं नव्हतं मी."

इंजिनियर रागावला होता, पण अप्पा इतके हसत होते की त्याला राग दाखवता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना रीतसर लेखी कळवलं : 'सदर आकडा माझ्या पत्नीने फुगविला असल्याने फेरमोजणी व्हावी.' साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि फेरमोजणी मंजूर केली.

ह्या वेळी गल्लीने दारं लावून घेतली. इस्त्रीवाला कपड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन गेला, दूधवाला चालत आला. कारकून दिवसभर जांभया देत बसला आणि ह्या वेळी त्याला चहाही कोणी विचारला नाही. संध्याकाळी त्याने एकच नोंद केली. अप्पा सवयीप्रमाणे खड्ड्यापर्यंत येऊन परत गेले होते. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'चारचाकी, एक.'

"गल्ली वापरात नाही," असा शेरा मारून साहेबांनी रुंदीकरण रद्द केलं आणि गल्लीचं नावही पाच वर्षांसाठी यादीतून काढून टाकलं. रिकामी जागा म्हणून शेजारच्या मोठ्या रस्त्याचं काम चालू असताना रोलर उभा करायला गल्ली देऊन टाकली.

सलून वाचलं. पण त्या दिवशी अप्पा खुर्ची घेऊन बाहेरच पडले नाहीत. "पाच वर्षं म्हणजे माझ्या वयाला जरा जास्तच होतात रे," एवढंच म्हणाले. ते ऐकून बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

सोमवारी रोलर गल्लीत शिरला. अर्ध्या वाटेवर त्याचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि तो तोंडावर पडल्यासारखा रुतून बसला. मुकादम ओरडायला लागला. मोठ्या रस्त्यावर ओतलेलं डांबर गार व्हायला लागलं. साहेब धावत आले.

"आधी हा खड्डा भरा! आत्ताच्या आत्ता!"

"साहेब," इंजिनियर चाचरत म्हणाला, "ही गल्ली यादीत नाही. अकरा गुणसुद्धा उरले नाहीत आता."

"गल्लीचं कोण बोलतंय? रोलर यादीत आहे ना? मग रोलरच्या खर्चात घाला!"

खडी आली, डांबर आलं. रोलरला बाहेर काढून त्यालाच त्या जागेवरून चार वेळा फिरवलं. पुन्हा ह्या गल्लीत पाऊल टाकणार नाही, असं म्हणत मुकादम त्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अप्पा फाटकातून निघाले. बारा हात झाले, तेरावा झाला. खुर्ची थांबली नाही. मागून चालणाऱ्या मुलाने ढकलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. रस्त्याकडे बघतोय असं दाखवत त्याने ते पुसले.

सलूनवाल्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडली आणि पट पुढे ओढला.

"बोला अप्पा! सात महिने वाट बघतोय. खेळी तुमची."

अप्पांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पट निरखला.

"माझी कुठली? मी वजीर हलवूनच जेवायला गेलो होतो. खेळी तुझी आहे."

सलूनवाला वस्तरा हातात धरून पटाकडे बघतच राहिला.

"घाई नाही," अप्पा खुर्ची वळवत म्हणाले. "विचार करून ठेव. उद्या येतोच आहे मी."