फिचातली फुलबाग

"मिरच्या शनिवारी येतायत," कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवत स्तोयांकाने नवऱ्याला जाहीर केलं. "त्याच्या आत तुझं ते प्रेत गॅरेजमधून हलव."

प्रेत म्हणजे फिचा. लेस्कोवात्समध्ये ही चिमुकली गाडी एके काळी घरटी एक होती. आता गावात धड उरलेली व्हितोमिरची एकटीच, आणि तिला धड म्हणणारा माणूसही तोच एकटा. वसंतात ब्रेक दुरुस्त करायचे म्हणून त्याने तिला गॅरेजमध्ये घातली होती. तेव्हापासून दुरुस्ती जोरात चालली होती. म्हणजे सुट्या भागांचे खोके येत, व्हितोमिर ते उघडी, चष्मा लावून न्याहाळी आणि फळीवर ठेवून जेवायला जाई.

पण सप्टेंबर आला की लेस्कोवात्समधलं गॅरेज हे गॅरेज राहत नाही. तिथे चूल मांडतात, पोत्यांनी लाल मिरच्या भाजतात, सोलतात, घोटतात आणि हिवाळाभर पुरेल एवढा आयव्हार बरण्यांत भरतात. अशा दिवसांत गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्या माणसाशी शेजारी बोलतात, पण जरा जपूनच.

"दाजी, मी गिऱ्हाईक आणलंय," स्तोयांकाचा भाऊ ब्लागोये म्हणाला. तो सकाळच्या कॉफीला रोज येई आणि दुपारच्या सूपपर्यंत थांबे. "कोस्तादिन. हमरस्त्यावर त्याची खानावळ आहे. फिचाचं टप कापायचं, आत माती भरायची आणि पेट्यूनियाची फुलझाडं लावायची. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात म्हणे."

व्हितोमिरला ठसका लागला. "माझ्या वडिलांची गाडी आहे ती!"

"मग वडिलांच्या नावाची पाटी लावू की कुंडीला. खाली सालही घालू."

"ब्लागोये, गप रे," स्तोयांका म्हणाली, पण हसली. ते हसणं व्हितोमिरला जास्त लागलं. याच गाडीत वडिलांनी त्याला गियर टाकायला शिकवलं होतं आणि याच गाडीतून लग्नानंतर तो तिला ओह्रिदच्या तळ्याला घेऊन गेला होता. त्याचा त्या गाडीवर जीव होता. साठी उलटलेल्या माणसाने पत्र्यावर एवढा जीव लावावा का, हा प्रश्न त्याला बरेच जण विचारत.

शेवटी तह झाला. शनिवारी सकाळी फिचाने आपल्या चाकांवर बाहेर पडायचं आणि तांत्रिक तपासणी पास होऊन परत यायचं. मग ती जन्मभर अंगणात छपराखाली राहील. नाही जमलं, तर पेट्यूनिया. स्तोयांका म्हणाली, मला दोन्ही चालेल, मला गॅरेज हवंय.

व्हितोमिर त्याच दिवशी कामाला लागला. मागच्या उजव्या चाकात त्याने नवाकोरा सिलिंडर बसवला. हा सिलिंडर म्हणजे अंगठ्याएवढी नळी. पायाखाली ब्रेक दाबला की तिच्यातले दोन दट्टे रबरी टोप्यांसकट बाहेर सरकतात आणि चाक धरतात. आत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही, म्हणून एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने चाकामागचा बारीक स्क्रू अर्धा फेरा सोडून हवा आणि तेल बाहेर काढायचं. दुसरा व्हितोमिर होता. पहिली अर्थातच स्तोयांका.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव."

"धरलाय."

"आता सोड."

"सोडला. भाजी करपतेय."

"दाब."

गेल्या कित्येक वर्षांतलं त्यांचं हे सर्वांत लांब संभाषण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या चाकाखाली तेलाचं थारोळं होतं. व्हितोमिरने आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम त्याने अर्ध्या गावाच्या डोक्यात कोंबला होता. आता फिचा तोच धडा त्याला परत शिकवू लागली. जोडाखालची तांब्याची चकती बदलली, तर उजवं चाक कोरडं झालं आणि डावं गळू लागलं. डाव्याचा सिलिंडर बदलला, तर पुढची दोन्ही ओली झाली. त्यांचेही सिलिंडर बदलले, तेव्हा ब्रेकच्या पेडलजवळच्या मुख्य सिलिंडरमधून थेंब सुटला आणि नेमका स्तोयांकाच्या चपलेवर पडला.

"हे काय आहे?" तिने आतून विचारलं.

"तेल."

"ते कळलं. माझ्या चपलेवर काय करतंय?"

मुख्य सिलिंडर बदलला. मागचं उजवं चाक पुन्हा गळू लागलं.

एव्हाना समिती जमली होती. इकडे माणसाने गाडीचं झाकण उघडलं की निमंत्रणाची गरज नसते. स्रेतेन हा निवृत्त इंजिनड्रायव्हर आपली खुर्ची घेऊनच आला. झाहारिये हा दातांचा डॉक्टर दवाखान्यातली पिचकारी घेऊन आला, तेल काढायला. दोघांचं कशावरच एकमत होत नसे, आणि म्हणून दोघेही रोज येत. स्तोयांका कॉफी देई आणि व्हितोमिर घरी गाळलेली राकिया.

"भाग नकली आहेत," स्रेतेन म्हणाला.

"भाग चांगले आहेत, बसवणारा नकली आहे," झाहारिये म्हणाला. "आणि ते मागचं दार कुणी उघडं ठेवलंय? वाऱ्याचा झोत येतोय सरळ."

"झोताने रबर गळतं?"

"झोताने माणसाचं अर्धं तोंड वाकडं होतं. रबराची काय कथा!"

दार लावलं. गळणं थांबलं नाही.

मग शुक्रवारी स्रेतेनने खुर्ची पुढे ओढली. "तू या टोप्या कोरड्याच घालतोस का रे?"

"ब्रेक ऑइल लावतो. पुस्तकात तसंच आहे. दुसरं काहीही लावू नये, असं ठळक अक्षरांत लिहिलंय."

"पुस्तकात!" स्रेतेनने समितीकडे पाहून हात उडवले. "कोरडं रबर घासतं, घासलं की चिरतं, चिरलं की गळतं. चरबी लाव, डुकराची. आमच्या रेल्वेत काय करायचो आम्ही?"

"रेल्वेत चरबी लावत होतात?"

"रेल्वेत ग्रीस होतं. ग्रीस नसलं तर चरबी."

झाहारियेने विरोध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. डुकराच्या चरबीविरुद्ध बोलणं त्यालाही जड गेलं. त्या गावात दाराच्या बिजागरीपासून सर्दी झालेल्या छातीपर्यंत सगळ्याला तीच लावतात, आणि बहुतेक वेळा गुणही येतो. पुस्तक लिहिणाऱ्याने स्तोयांकाची चरबी पाहिलेली नव्हती, अशी व्हितोमिरने मनाची समजूत घातली. तो कोठीतून डबा घेऊन आला. सगळे सिलिंडर पुन्हा उघडले गेले आणि एकूण एक टोपी पोळीला तूप लावावं तशी मायेने माखून बसवली गेली. मग पुन्हा "दाब", "दाबला", "धर", "धरलाय".

तासभर सगळे जमिनीकडे बघत बसले. थेंब नाही. जेवून येऊन पाहिलं, थेंब नाही. संध्याकाळी व्हितोमिरने चारही चाकांखाली कोरे कागद घातले आणि ते कोरेच राहिले. तो ब्रेक दाबून पाही आणि पेडल दगडासारखं घट्ट लागे. त्याला पुन्हापुन्हा दाबण्याचा मोह आवरेना.

"काय म्हणालो होतो?" स्रेतेन म्हणाला.

"दारही लावलेलं होतं," झाहारियेने आठवण करून दिली. राकियाची बाटली संपली आणि व्हितोमिर वरातीतल्यासारखा डुलत झोपायला गेला.

बिचाऱ्या रबराने मात्र पुस्तक वाचलेलं होतं. चरबी पिऊन ते फुगत गेलं.

शनिवारी सकाळी मिरच्यांचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला. पाठोपाठ ब्लागोयेची मालवाहू गाडी आली, पुढे तारेचा दोर ओढणारं यंत्र लावलेली, आणि तिच्यात कोस्तादिन. व्हितोमिरने सदऱ्याला इस्त्री केली होती. तो फिचात बसला, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. समितीने टाळ्या वाजवल्या. त्याने गियर टाकला. फिचा गुरगुरली, थरथरली आणि जागेवरच बंद पडली.

"हँडब्रेक काढ," स्रेतेन म्हणाला.

"काढलाय."

पुन्हा तेच. सगळ्यांनी मिळून ढकलली, तरी फिचा तसूभर हलली नाही. व्हितोमिर चाकाशी वाकला आणि एका क्षणात त्याला सगळं कळलं. चरबीने रबर फुगलं होतं, दाब आत कोंडला होता आणि चारही चाकं ब्रेकने करकचून धरली होती. ज्या धड्यावर त्याने उभा जन्म पोट भरलं, तो त्याच्यासमोर चार चाकांवर उभा होता.

"झालं तर मग," ब्लागोये आनंदाने म्हणाला. "दाजी, बोली म्हणजे बोली." त्याने दोराचा आकडा फिचाच्या पुढच्या बंपरला अडकवला आणि यंत्र सुरू केलं. दोर ताणला गेला, करकरला आणि धाडकन बंपरच निघून अंगणात आला. फिचा होती तिथेच. मागे अडकवला, तर दोर तुटला. गॅरेजचं छत एवढं ठेंगणं, की उचलायचा प्रश्नच नव्हता.

स्तोयांका मिरच्यांच्या पोत्यावर बसून हे बघत होती. बायका सुऱ्या आणि पातेली घेऊन जमू लागल्या होत्या. तिचा संताप होत होता आणि तो नक्की कुणावर काढावा हे तिला ठरवता येत नव्हतं.

कोस्तादिन दरम्यान फिचाचं दार उघडून आत मापं घेत होता. "टप इथून उडवू. मागे माती. ही पुढची सीट फेकून देऊ आणि हिच्या जागी शेणखत टाकू, चांगलं मुरलेलं. फुलं कशी तरारून येतील!"

"कुठली सीट?" स्तोयांकाने विचारलं.

"ही. चालकाच्या शेजारची."

 ओह्रिदला जाताना स्तोयांका त्याच सीटवर बसली होती, मांडीवर कलिंगड घेऊन. आणि हा पाहुणा तिथे खत टाकणार होता, तेही मुरलेलं.

कोस्तादिन आता खाली वाकला. खानावळवाला असला तरी डोळ्यांनी तिखट होता. "गाडी काही मुळं धरून बसलेली नाही. ब्रेक अडकलेत, एवढंच. इथे चाकामागे एक बारीक स्क्रू दिसतोय. तो कसला?"

 व्हितोमिरचा हात पँटच्या खिशात गेला. त्या स्क्रूचा पाना तिथेच होता. चारही चाकांचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा सोडले, की कोंडलेलं तेल चिळकन उडणार, चाकं मोकळी होणार आणि फिचा निमूट घरंगळत पेट्यूनियांकडे जाणार. त्याने पाना मुठीत घट्ट धरला आणि छताकडे बघू लागला.

"तो होय?" स्रेतेन खाकरला. "तो शोभेचा आहे. त्या काळी लावायचे तसले."

"मुळीच हात लावू नका त्याला," झाहारिये म्हणाला. "आतून सुजलंय सगळं. अशा वेळी छेडलं, तर भलतीकडेच पसरतं. आठ-पंधरा दिवस थांबावं लागेल. महिनाही."

"स्रेतेनचं बरोबर आहे," झाहारिये पुढे म्हणाला.

"झाहारियेचंही," स्रेतेन म्हणाला.

व्हितोमिरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

ब्लागोये मात्र मुरलेला माणूस. या दोघांचं एकमत झालेलं पाहूनच त्याला संशय आला. "ताई, तू सांग. आठवडाभर तूच बसायचीस ना आत? त्या स्क्रूचंच काहीतरी चालायचं तुमचं. तो सोडला तर काय होतं?"

सगळ्या माना स्तोयांकाकडे वळल्या. तो स्क्रू सोडल्यावर काय होतं, हे त्या गॅरेजमध्ये तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याच पायाला ते दर वेळी कळलं होतं. तिने स्क्रूकडे पाहिलं, नवऱ्याच्या खिशात रुतलेल्या हाताकडे पाहिलं आणि पोत्यावरून उठली.

"मला रे काय कळतंय गाडीतलं?" ती म्हणाली. "हा म्हणायचा दाब, की मी दाबायची. सोड म्हणाला, की सोडायची."

मग तिने मिरच्यांचं एक भरलं पोतं ओढत आणून बरोबर त्या चाकापुढे टेकवलं, फिचाच्या बोनेटवर फडकं अंथरलं आणि भावाच्या हातात सुरी दिली.

"उभा काय राहिलास? देठ काढायला लाग. आणि त्या पाहुण्यालाही एक सुरी दे."

व्हितोमिरने खिशातून हात काढला. पाना आतच राहिला. स्तोयांकाने फिचाचं दार उघडलं, मांडीवर पातेलं घेतलं आणि चालकाशेजारच्या त्या सीटवर बसून ती पहिल्या मिरचीचा देठ काढू लागली.