आक्का कानात सांगायची

"जेवायला या कधीतरी," असं आमच्या मेहुण्याला, बन्सीला, कुणी म्हणलं की तो जागेवर थांबतो अन् विचारतो, "कोणत्या वारी?" समोरचा हसतो. बन्सी हसत नाही. "खरं म्हणता, का म्हणायचं म्हणून म्हणता?" हा त्याचा पुढचा प्रश्न. एकदा भिंगारच्या एका पाहुण्यानं सुटका करून घ्यायला "गुरुवारी" म्हणून टाकलं. गुरुवारी हा त्यांच्या दारात हजर. घरात सगळ्यांचा उपास. ह्यानं खिचडी दोनदा मागून घेतली अन् निघताना, साबुदाण्याचा गिचका झाला होता, हेही सांगून आला.

माणूस साठीचा. आमच्या लेकीनं त्याला नगरला डॉक्टरकडं नेलं, तर ऑटिझम म्हणाले. म्हणजे समोरच्याच्या पोटातलं ह्याला आपसूक उमगत नाही, उघड सांगावं लागतं. माझ्या बायकोला, त्याच्या आक्काला, हे डॉक्टरच्या आधीपासून ठाऊक. चार लोकांत ती त्याच्याजवळ बसायची अन् पदराआडून कानात सांगायची: आता चेष्टा करतायत, आता कंटाळलेत, आता ऊठ.

ती गेली. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर मांडव भरला. प्रवचन झालं, मंग रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी माझ्याकडं हात करून माइकवर म्हणाले, दादा एकटे नाहीत, कधीही हाक मारा, मी हजर.

बन्सी उठला. त्याला खाली बसवायला कुणी नव्हतं.

"आज संध्याकाळी येता का?" त्यानं विचारलं. "दाजीला एकट्याला घास उतरत न्हाई. ताट तसंच कुत्र्याफुडं ठेवत्यात. लई रडत्यात. मी खिडकीतून बघितलंय."

कुणी खोकलं, कुणी खाली मान घालून हसलं. पुढारी घड्याळ बघायला लागले. मी सत्तरीचा गडी, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. सगळ्यांदेखत ओरडलो, "गप, येड्या. चालता हो."

तेवढं उघड सांगितलेलं होतं. तो चालता झाला.

संध्याकाळी ताट घेऊन बसलो, तर दारात बन्सी. पुढारी आलेत का ते आधी बघून घेतलं. एरवी तो कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. तेव्हा माझ्या तोंडाकडं टक लावून उभा राहिला.

"दाजी, सकाळी तुमी चिडला व्हता का लाजला व्हता? मला दोन्ही सारखंच दिसतं."

"लाजलो व्हतो."

"माझी लाज वाटली?"

खोटं बोललो असतो तरी त्याला कळलं नसतं. म्हणूनच जीभ उचलेना.

"व्हय," म्हणलं. "तवा तुझी. आता माझी वाटती."

त्यानं मान हलवली. "सांगितलं ते बरं केलं," म्हणाला. मंग समोर मांडी घालून माझ्या ताटातली भाकरी मोडली, निम्मी माझ्या हातात दिली, अन् मी पहिला घास गिळेपर्यंत त्यानं आपला तोंडात घातला नाही.