छायाताई घडी मोडते

छायाताई कुणालाही भेटली की आधी त्याच्या कपड्याची आतली बाजू बघते. नमस्कार, बसा, चहा घेता का, हे सगळं नंतर. आधी तुमच्या कुर्त्याचा काठ तिच्या दोन बोटांत जातो, उलटा होतो, आणि ती चष्मा कपाळावर सरकवून शिवण वाचते. हो, वाचतेच. मंगळसूत्राकडे, पर्सकडे, चपलांकडे तिचं लक्षही नसतं.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी लायब्ररीत रुजू झाले, त्या दिवशी ही बाई समोरून आली, माझ्या कुर्त्याचा काठ उलटला आणि म्हणाली, "मॅडम, कुठून घेतला?"

मी ऐटीत मोठ्या दुकानाचं नाव सांगितलं.

"दोन धुण्यात उसवते. दोरा सडेल हाये."

काय आगाऊ बाई आहे, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या धुण्याला कुर्ता बगलेत उसवला. राग गिळून मी तो घेऊन सायन्सच्या लॅबमध्ये गेले. छायाताई तिथे अटेंडंट आहे. ती हसली नाही की 'सांगतलं होतं ना' म्हणाली नाही. नुसता हात पुढे केला, "द्या इकडं." तेव्हापासून आमची दोस्ती आहे. ती मला मॅडम म्हणते आणि हुकूम सोडते, मी तिला ताई म्हणते आणि ऐकते.

वय बावन्न. केस अर्धे पांढरे, ते ती रंगवत नाही. पण वागण्या-राहण्यात असा रुबाब की विचारू नका. सुती पँट, लांब कुर्ता, वर बिनबाह्यांचं जाकीट. एकदा कॉलेजच्या तपासणीला समिती आली आणि त्यातल्या मोठ्या साहेबांनी सरळ छायाताईच्या हातात पुष्पगुच्छ दिला. प्रिन्सिपॉल बाई शेजारीच उभ्या होत्या. छायाताईनं गुच्छ घेतला, आभार मानले आणि मग प्रिन्सिपॉल बाईंकडे दिला. मी म्हटलं, "अहो, आधीच सांगायचं ना की मी नाही म्हणून!"

"ते देऊन राह्यले होते खुशीनं. मी नाई काहून म्हणू?"

आता तुम्ही म्हणाल, अटेंडंटच्या पगारात एवढा थाट? नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, एकटीच्या जिवावर मुलगी शिकवली, घर भाड्याचं. कापड येतं कुठून? कापड येतं लोकांच्या पेटीतून.

आपल्याकडे लग्नात आहेर मिळतो तो वापरायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ब्लाउजपीस, पँट-शर्टचे पीस, टॉवेल-टोपी. सगळं घरी आणायचं, नाक मुरडायचं आणि देण्याघेण्याच्या पेटीत टाकायचं. पुढच्या लग्नाला पेटीतून काढून दुसऱ्याला द्यायचं. तो तिसऱ्याला देतो. काही पीस तर माझ्यापेक्षा जास्त गावं फिरले असतील. या सगळ्या कारभारात नियम एकच: घडी मोडायची नाही.

छायाताई घडी मोडते.

मे महिना सरत आला, लग्नं आटोपली, की ती काडीवर वळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे आणि कुरडया डब्यात भरून ओळखीच्या घरी फिरते. "ताई, पेटी काढ." पेटी निघते. तिच्या हातचे सरगुंडे म्हणजे बायका पेटीच काय, कपाटही उघडून देतील. मग ही एकेक पीस उलटापालटा करत बसते. कुणाला नको असलेलं चॉकलेटी सफारीचं कापड उचलते आणि महिन्याभरानं त्याचं असं जाकीट घालून येते की देणारीचाच जीव जळतो. ब्लाउजपीस जोडून कुर्ते. टॉवेलची पिशवी. एकदा तिच्या कुर्त्याची पांढरीशुभ्र कडक कॉलर पाहून मी हरखले, तर म्हणे, "दोन टोप्या लागल्या." पुढाऱ्यांच्या डोक्यावर शोभायची ती टोपी हिच्या गळ्याशी जास्त शोभत होती.

आणि खिसे! खिशाशिवाय तिच्यासाठी कपडा पुरा होत नाही. मोबाइलचा खिसा, चाव्यांचा खिसा, आणि डाव्या बाजूला आतून एक खोल खिसा कांद्याचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. "बाईनं कांदा पर्समध्ये ठेवला अन् पर्स घरी राह्यली तं? ऊन काय थांबते?"

पन्नाशी आली की बाईला मळखाऊ रंगच शोभतात अशी माझी पक्की समजूत होती. माझं कपाट उघडलं की नुसती माती, राख आणि शेवाळ. छायाताईनं एकदा ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो माय! मॅडम, मळखाऊ पायपुसणं असते, बाई नाई." तिनं मला जांभळाच्या रंगाचा कुर्ता शिवून दिला. तो घालून मी संध्याकाळी नवऱ्यापुढे चहा ठेवला. सव्वीस वर्षांचा संसार आमचा. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पडदे बदलले का गं?"

मी हे रडवेली होऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "पाह्यलं तं खरं ना? सुरुवात झाली बापा."

नवरा गेल्यावर वर्षभर तीही फिक्या साड्यांत वावरत होती म्हणे. मग एक दिवस आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच बोलली, "देवानं नवरा नेला, डोळे तं नाई ना नेले." त्याच दिवशी तिनं मशीनला तेल घातलं.

पण घडी मोडायचा हा नाद तिला एकदा फार महागात पडला. त्याला मी साक्षी आहे.

तिचा एकच भाऊ, गजूदादा. राहणार अंजनगाव सुर्जी, घरची शेती, वडील गेल्यावर यानंच तिला वाढवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं लग्न होतं अकोल्याला, मुलीकडे. छायाताई मला सोबत घेऊन गेली. तिनं मोरपंखी रंगाचं, जरीच्या कोयऱ्यांचं लांब जाकीट घातलं होतं, खाली पँट. खरंच सांगते, नवरीपेक्षा लोक तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात नवरीची मावशी पुढे आली, जाकिटावर हात फिरवला आणि म्हणाली, "अव, हा पीस तं मी साखरपुड्यात तुमच्या वयनीले देला होता! खास आणला होता त्यायच्यासाठी."

कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, तसाच दुसरा असेल. पण छायाताईला तिच्या शिवणकामाचं कौतुक झालं की बाकी काही सुचत नाही. तिनं खुशीत जाकिटाचा काठ उलटला. "हो ना! वयनीनं मले भाऊबीजेले देला. पाहा, अस्तर बी लावलं!"

वहिनींचा चेहरा मला आजही आठवतो. आलेला आहेर सगळेच फिरवतात हो, मावशीनं स्वतः आयुष्यभर फिरवला असेल. पण तो घडी मोडून, अस्तर लावून, ज्याचा त्याच्यासमोर आणून उभा कुणी केला नव्हता.

गजूदादाला नव्या सोयऱ्यांपुढे खाली मान घालावी लागली. तो राग निघाला बहिणीवर. "साधी साडी नेसून आली असती तं काय बिघडलं असतं तुहं? या वयात, नवरा नाई, अन् पँट घालून लग्नात येते? लाज नाई वाटत?"

"दादा, भाऊबीजेले कपडा फिरवला तुमी, अन् लाज मले?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच ते लागलं. आम्ही न जेवता बसस्टँडवर आलो. अकोला ते अमरावती ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि इतक्या लांबच्या प्रवासात तिनं कुणाच्याही कपड्याला हात लावला नाही. त्यानंतर ना भाऊबीज, ना राखी, ना फोन. दोघंही एकाच मातीचे, आधी कोण वाकणार?

आणि मग यंदा पल्लवीचं, तिच्या मुलीचं लग्न ठरलं. सगळं जमून आलं, पण प्रश्न मामाचा. नवरीला मांडवात मामाच आणतो. नात्यातल्या लोकांनी सुचवलं, पल्लवीच्या काकाच्या मेव्हण्याला उभं करू, तोही मामासारखाच. छायाताई उसळली. "मामा काय भाड्यानं भेटते? आला तं माहा दादा येइन, नाई तं पोट्टी एकटी चालत येइन मांडवात."

तिनं स्वतः जाऊन पत्रिका दिली. दादा शेतात होता. वहिनींनी पत्रिका घेतली, पाणी दिलं, "सांगते ह्यायले" म्हणाल्या. पंधरा दिवस काही निरोप नाही. लॅबमध्ये छायाताईच्या हातून दोन परीक्षानळ्या फुटल्या. मी मुद्दाम नवा कुर्ता घालून तिच्यासमोर दोन फेऱ्या मारल्या, तर तिनं पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मीच म्हटलं, ताई, तुम्हीच एक फोन करा. ती म्हणाली, "अन् त्यानं नाई उचलला तं? आता निदान वाट तं पाहून राह्यली."

लग्न दारासमोर, गल्लीतच मांडव. हळदीच्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दारात एक उंच, वाळलेला माणूस कापडी पिशवी घेऊन उभा. मी ओळखलंच नाही. छायाताईनं ओळखलं. ती हळदीचं ताट हातात घेऊन तशीच थबकली.

गजूदादानं ना रामराम केला ना काही. आत आले, खाटेवर बसले, पिशवीतून कापडाचे दोन पीस काढले.

"दुकानातून आणले. पेटीतले नाई. पावती हाये पिशवीत, पाहून घे."

कुणी पावती पाहायला गेलं नाही.

"एक माहा. सदऱ्याचा. उद्या पोरीचा मामा म्हणून उभं राहाचं, तं तुह्याच हातचं घालीन म्हटलं." मग दुसऱ्या पिसावर हात ठेवून ते जमिनीकडे बघत म्हणाले, "हा तुहा. साडी नाई आणली. साडी आणून काय फायदा, तू तं कापशीनच. म्हणून सरळ कापडच आणलं. तुले काय शिवाचं ते शिव." मग पिशवीची घडी घालत म्हणाले, "पँट शिव."

छायाताईनं ताट माझ्या हातात दिलं, मग परत काढून घेतलं, मग खाली ठेवलं. बोलली एवढंच, "उभा राय. माप घेते. मॅडम, लिहा."

तिला दादाचं माप तोंडपाठ. बापामागे ज्यानं वाढवलं त्याचे सदरे ती सोळाव्या वर्षापासून शिवत आलेली. टेप लावायच्या आधीच आकडा सांगायची. "खांदा एकोणीस." टेप लावली, तर अठरा. "छाती बेचाळीस." टेप लावली, तर अडतीस. तिनं टेप झटकली. "ही टेप ढिली झाली. पल्ले, दुसरी आण." दुसरी आली. दुसऱ्या टेपनंही अडतीसच सांगितलं.

ती टेप दादाच्या छातीभोवती तशीच धरून उभी राहिली. मग कपाळ त्याच्या खांद्याला लावलं आणि भरल्या घरात हमसून हमसून रडली. "किती वाळला रे दादा तू!"

"वय झालं," गजूदादा म्हणाले. "अन् तीन वर्षं भांडाले बी कोणी नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "अडतीस लिहा, मॅडम."

भरल्या घरात हळदीच्या दिवशी कुणी मशीनवर बसू देतं का? ही दोन टाके घालायची, की कुणीतरी हाक मारायचं. शेवटी लग्नाच्या घटकेला भटजी "मामा, मामा" म्हणून ओरडताहेत, मामा आतल्या खोलीत एका बाहीत हात घालून उभे, आणि दुसरी बाही बहिणीच्या मशीनवर. लग्न पाऊण तास उशिरा लागलं. वऱ्हाडात त्याला उशीर म्हणत नाहीत म्हणून निभावलं. छायाताईची पँट अर्थातच राहिली. ती तिनं पुढच्या महिन्यात शिवली आणि घालून थेट अंजनगावला जाऊन आली.

सदरा मात्र नेमका बसला. मामा पल्लवीला घेऊन मांडवात निघाले, सनई सुरू झाली, सगळे अक्षता घेऊन उभे राहिले. तेवढ्यात छायाताई साडीचा पदर खोचत मागून धावत आली, भर मांडवात दादाला थांबवलं आणि खांद्यावर लोंबणारा दोरा दातानं तोडला. एवढा ताठ माणूस, पण मान वाकवून चुपचाप उभा राहिला.

"आता जा," ती म्हणाली.